नैनितालचं मैदान

परवा माझ्या पुतण्याचा फोन आला. "काका, सह्याद्रीत एक प्लॉट बघितलाय. डोंगराच्या उतारावर आहे, समोर धरणाचं पाणी, मागे हिरवागार कडा. टोकन देऊन टाकलंय. तुम्ही इतिहास-भूगोल शिकवायचात, तेव्हा तुमचं मत सांगा." टोकन दिल्यावर मत विचारायचं ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे तक्रार नाही. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. त्यालाच उत्तर लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता पार १८८० सालात जाऊन पोचलो. मग म्हटलं, आता इथेच लिहू या. तो हे वाचतोच, आणि बाकीच्या मंडळींनाही उपयोग होईल.

१९९६ च्या मे महिन्यात आम्ही दोघं एका यात्रा कंपनीबरोबर नैनितालला गेलो होतो. सगळे जातात तसंच. तळ्यात नाव फिरवली, देवीचं दर्शन घेतलं, हिने मेणबत्त्या घेतल्या. तळ्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे मल्लीतालला, एक भलंमोठं सपाट मैदान आहे. त्याला 'फ्लॅट्स' म्हणतात. पोरं क्रिकेट खेळत होती, एका बाजूला चाटच्या गाड्या होत्या. माझ्या मास्तरी डोक्यात प्रश्न आला की चहूबाजूंनी अंगावर येणारे डोंगर असताना ही एवढी सपाट जागा आली कुठून? आमच्या नाववाल्याला विचारलं. वल्हं न थांबवता तो म्हणाला, "साहब, वो मैदान नहीं, पहाड़ है." आणि हाताने उजवीकडचा डोंगर दाखवला. त्या डोंगराचं नाव शेर का डांडा.

पूर्वीही तिथे थोडी सपाटी होती. पण आज दिसतं ते मैदान एवढं मोठं झालं ते एका शनिवारी दुपारी, काही क्षणांत. तारीख १८ सप्टेंबर १८८०. घरी आल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि तो विषय मला कायमचा चिकटला.

आधी थोडी पूर्वपीठिका. नैनितालचं तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४०० फुटांवर आहे. कुमाऊंच्या लोकांना ते अर्थातच पूर्वापार ठाऊक होतं. देवीचं स्थान, वर्षातून एकदा जत्रा, आणि एरवी तिथे कुणी वस्ती करायची नाही असा संकेत. गुरं चरायला यायची, माणसं संध्याकाळी खाली परतायची. आपल्याकडच्या देवरायांसारखंच म्हणा ना. मग १८४१ मध्ये शाहजहाँपूरकडचा बॅरन नावाचा एक साखरेचा इंग्रज व्यापारी तिथे पोचला आणि त्याने तळं 'शोधलं'! (हा शब्द मी वर्गात नेहमी अवतरणचिन्हांत लिहीत असे. कोलंबसच्या धड्यातसुद्धा.) 'पिलग्रिम' म्हणजे यात्रेकरू या टोपणनावाने त्याने लेख लिहिले, पुस्तक लिहिलं, आणि बंगलाही बांधला. त्याचं नाव पिलग्रिम लॉज.

या बॅरनची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. नरसिंह नावाचा एक स्थानिक ठोकदार त्या जागेवर हक्क सांगत होता. साहेबांनी त्याला गोड बोलून नावेत बसवलं आणि तळ्याच्या मध्यावर नेलं. त्याला पोहता येत नव्हतं. तिथे त्याला सांगण्यात आलं की हक्क सोडल्याचं या वहीत लिहून दे, नाहीतर नाव बुडायला वेळ लागणार नाही. बिचाऱ्याने लिहून दिलं. गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात गंमत वाटत नाही. ज्याला डोंगर माहीत होता त्याला पाण्यात बुडवायची भीती घातली, आणि ज्यांना माहीत नव्हता त्यांनी तिथे शहर वसवलं. पुढचं सगळं त्यातून आलं असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात अशी झाली खरी.

१८६२ पासून नैनिताल हे वायव्य प्रांताचं उन्हाळी राजधानीचं ठिकाण झालं. मग काय विचारता! बंगले, हॉटेलं, क्लब, चर्च, कचेऱ्या, बाजार. उतार कापून सपाटी करायची, त्या सपाटीवर घर, घराच्या मागे पुन्हा कापलेली कड. वरच्या घराचं सांडपाणी आणि पागोळ्यांचं पाणी खालच्या घराच्या डोक्यावर. डोंगराने सूचनाही दिल्या. १८६६ मध्ये आणि १८७९ मध्ये शेर का डांड्याच्याच अंगाला, आल्मा हिल म्हणत त्या भागात, दरडी घसरल्या होत्या. पण मोसम संपला की माणसं खाली उतरत आणि पुढच्या उन्हाळ्यात नवी घरं बांधायला वर येत.

आता त्या पावसाकडे येतो. सप्टेंबरचा मध्य म्हणजे आपल्याकडे उत्तरा नक्षत्र. भात निसवायला लागलेलं असतं आणि हस्ताच्या गडगडाटाची वाट बघणं चालू असतं. कुमाऊंत याच सुमाराला, कन्या संक्रांतीला, 'खतडुवा' नावाचा सण असतो. लोक गुरांचे गोठे साफ करतात, त्यांना हिरवा चारा घालतात आणि संध्याकाळी गवता-काटक्यांचा ढीग पेटवतात. पावसाळा संपला, थंडी येतेय, गुरांना सांभाळा, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या बैलपोळ्याचा भाऊच म्हणायचा, फक्त शेकोटीसकट. त्यानंतर असोज, म्हणजे आपला आश्विन. गवत कापायचे आणि पीक घरात आणायचे दिवस.

पण पावसाळा नेहमीच असा शहाण्यासारखा निरोप घेत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ते वायव्येकडे सरकू लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते सहसा मध्य भारतातून राजस्थान-गुजरातकडे जातं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मात्र वरच्या हवेतले पश्चिमेकडचे थंड वारे खाली सरकलेले असतात. त्यांची गाठ पडली की हे वादळ उत्तरेकडे वळतं आणि समुद्राची सगळी ओल घेऊन थेट हिमालयावर जाऊन आदळतं. पुढे डोंगराची भिंत, मागून ढगांचा लोंढा. ढगांना वर चढण्यावाचून आणि रिते होण्यावाचून गत्यंतरच नाही. वर्गात मी हे ओल्या पंचाच्या उदाहरणाने शिकवीत असे. भिंतीवर दाबला की पिळला गेलाच!

असं वादळ गेलं की डोंगरातली हवा एकदम बदलते. पावसाने आणि ढगांनी हवा आधीच गार झालेली असते. मागून उत्तरेचे कोरडे वारे येतात, आकाश निरभ्र होतं, आणि निरभ्र रात्री जमिनीची ऊब भराभरा निघून जाते. उंच शिखरांवर नवं बर्फ पडलेलं असतं. चार दिवसांपूर्वी दमट हवेत घाम पुसणारा माणूस ट्रंकेतून लोकरीचं काढतो. पहाडातल्या माणसाला हे सगळं वर्षाच्या चाकासारखं पाठ असतं. म्हणूनच खतडुवाची शेकोटी. पण चाकाचा एखादा आरा फारच जोरात बसतो.

१८८० साली गुरुवारी, १६ सप्टेंबरला पाऊस सुरू झाला. शुक्रवारी थांबला नाही. शनिवारीही थांबला नाही. त्या तीन दिवसांत नैनितालला सुमारे ३३ इंच पाऊस झाला असं नोंदवलेलं आहे. म्हणजे सुमारे ८४० मिलिमीटर. आपल्या पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण सातशे ते साडेसातशे पडतो, यावरून कल्पना करा. आणि हा नुसता डोंगरातला पाऊस नव्हता. खाली मैदानात बिजनौर जिल्ह्यात नगीना नावाचं गाव आहे. लाकडावरच्या कोरीव कामासाठी प्रसिद्ध. तिथे १८ सप्टेंबरला चोवीस तासांत ८२३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सपाट प्रदेशातल्या पावसाचा तो एक जुना आणि दांडगा विक्रम आहे. आजही धरणं बांधणारे इंजिनिअर जास्तीत जास्त किती पाऊस पडू शकेल याचा हिशेब करताना त्या वादळाचा दाखला घेतात. भारतीय हवामान खातं तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं, १८७५ सालचं. वादळ येतंय हे आधी सांगायची काही सोयच नव्हती.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला पहिली दरड आली. ती तशी लहान होती. व्हिक्टोरिया हॉटेल नावाचं मोठं हॉटेल उतारावर होतं, त्याच्या मागच्या बाजूला, नोकरांच्या खोल्यांकडे, माती घसरली आणि काही माणसं गाडली गेली. मग जे व्हायला हवं तेच झालं. माणसं मदतीला धावली. असिस्टंट कमिशनर आला, पोलीस आले, लष्कराच्या डेपोतले शिपाई आणि अधिकारी आले, मजूर आले. पावसात, चिखलात, फावडी-कुदळींनी उकरणं सुरू झालं.

दुपारी दीडच्या सुमाराला वरचा डोंगर आला.

अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं म्हणतात. हॉटेल, त्याच्या खालचं बेल यांचं दुकान, तळ्याकाठचं नैनादेवीचं देऊळ, सभागृह, सगळं त्या लोंढ्याबरोबर खाली गेलं आणि बरंचसं तळ्यात. तळ्याचं पाणी उसळून दुसऱ्या टोकाला धावलं. जिथे माणसं उकरत होती तिथे उकरायला काही उरलं नाही.

मेलेली आणि बेपत्ता माणसं १५१. त्यांतली पुष्कळशी सकाळच्या दरडीत सापडलेली नव्हती, तर त्यांना सोडवायला आलेली होती. ही गोष्ट मला दर वेळी थांबवते. नववीच्या वर्गात एकदा एका मुलाने विचारलं होतं, "सर, मग ते गेले नसते तर वाचले असते ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग जायला नको होतं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. आता सांगता येईल असं वाटतं. जायलाच हवं होतं. पण ज्यांनी तो उतार कापला, नाले बुजवले आणि दोन दरडी बघूनही पुन्हा बांधलं, त्यांच्या हिशेबाची किंमत शेवटी धावून येणाऱ्यांनी मोजली. दुर्घटनेत बहुतेक वेळा असंच होतं.

दुसरी गोष्ट आकड्याची. १५१ पैकी ४३ जण गोरे आणि अँग्लो-इंडियन, आणि १०८ जण आपले. नैनितालला 'सेंट जॉन इन द विल्डरनेस' नावाचं जुनं चर्च आहे, तिथे दरडीत गेलेल्यांच्या नावांची पितळी पाटी आहे. मी वाचलेल्या वर्णनांत गोऱ्या मंडळींची नावं, हुद्दे, कोण कुठे उभं होतं, कोण थोडक्यात बचावलं, हे सगळं येतं. १०८ जण मात्र एका आकड्यात येतात. मजूर, शिपाई, हॉटेलातले नोकर, आया, दुकानदार. पस्तीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली. पन्नास-साठ नावं, एकेक नाव उच्चारायचं आणि वर बघायचं. गैरहजर असला तरी नाव घ्यायचंच, आणि पुढे शून्य मांडायचं. नाव न घेता नुसता '१०८' लिहिलेला पट मला हजेरीपट वाटत नाही. त्यांची गावं होती. त्या गावांत तेव्हा असोजची घाई असणार, आणि कुणीतरी गवत कापता कापता वाटेकडे बघत असणार.

जिम कॉर्बेट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कुमाऊंच्या नरभक्षकांच्या गोष्टींनी आम्हाला शाळकरी वयात रात्रीचं अंगणात जाऊ दिलं नाही. त्याचा जन्म नैनितालचाच, १८७५ चा, वडील तिथे पोस्टमास्तर. म्हणजे दरड आली तेव्हा हा पोरगा पाच वर्षांचा होता. पुढे जन्मभर जंगलातला प्रत्येक आवाज कान देऊन ऐकणाऱ्या त्या माणसाचं बालपण असल्या गावात गेलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नंतर काय झालं? देऊळ १८८३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. सरकारही जागं झालं. भूगर्भशास्त्रज्ञांनी डोंगर तपासले. मिडलमिस नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये नैनितालच्या भूरचनेवर आणि उतारांच्या स्वभावावर टिपण लिहिलं. डोंगर पाटीच्या दगडासारख्या पापुद्र्यांचा, ठिसूळ आणि भेगाळलेला. पाणी आत मुरलं की पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. तेव्हा उपाय एकच, पाण्याला आत मुरू द्यायचं नाही, धरून खाली तळ्यात नेऊन सोडायचं. मग सगळ्या उतारांवर मैलोन् मैल दगडी नाले बांधले. हे नाले म्हणजे नैनितालचा खरा किल्ला. पर्यटकांना ते कुणी दाखवत नाही.

एक गंमत सांगतो. गव्हर्नरसाहेबांचा बंगलाही शेर का डांड्यावरच होता. १८९५ च्या सुमारास त्याला तडे गेले. साहेबांनी तो सोडला आणि दुसऱ्या बाजूला पक्क्या जागी नवा राजवाडा बांधून घेतला, आजचं राजभवन. त्याचा वास्तुकार कोण? आपलं व्ही.टी. स्टेशन बांधणारा स्टीव्हन्स!  पण त्याच सुमारास, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, तळ्याच्या खालच्या अंगाला बलिया नाल्यापाशी दरड कोसळून २८ माणसं गेली होती. त्यांतला एक सोडून सगळे हिंदी. तडा गेला की घर बदलता येणं ही सगळ्यांच्या नशिबात असलेली गोष्ट नाही.

आणि हे जुनंपुराणं आहे असं समजू नका. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पावसाळा संपल्यावर, तसाच पाऊस कुमाऊंवर पुन्हा आला. नैनितालजवळच्या मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४० मिलिमीटर, तिथल्या १८९७ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. तळं काठ सोडून माल रोडवर आलं. उत्तराखंडात पन्नासहून जास्त माणसं गेली. आपल्याकडचं तर सांगायलाच नको. ३० जुलै २०१४ ला माळीण, तिथेही मृतांचा आकडा दीडशेच्या घरात. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, दगड वेगळा. पण पाणी आणि उतार तेच.

तेव्हा चि. बाळा, आता तुझं उत्तर.

मी प्लॉट घे किंवा घेऊ नको असं म्हणणार नाही. तो डोंगर मी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या डोंगराबद्दल बोलणारे साहेब नैनितालला पुष्कळ होऊन गेले. पण तू तो प्लॉट एप्रिलमध्ये पाहिलास. डोंगर एप्रिलमध्ये बघायचा नसतो. सलग तीन दिवस पाऊस झाला की चौथ्या दिवशी जा. मागच्या हिरव्यागार कड्यावरून पाणी कुठून उतरतं ते बघ. पूर्वी तिथे ओहोळ होता का, आणि असला तर तो आता कुणाच्या प्लॉटखाली गेलाय, हे विचार. झाडं सरळ उभी आहेत की बुंध्याशी वाकलेली आहेत ते बघ. कापलेल्या कडेतून पाणी पाझरतंय का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शोधून विचार की तुमच्या वाडवडिलांनी इथे घर का नाही बांधलं? बिल्डरच्या माणसाला बरोबर नेऊ नकोस. आणि म्हाताऱ्याला नावेत बसवू नकोस, हे सांगायला नकोच.

आणखी एक. तुझ्या मागच्या कडेतलं पाणी तुझ्या भिंतीपाशी थांबणार नाही, खालच्या वाडीवर जाणार आहे. आणि उद्या काही झालं, तर फावडं घेऊन पहिली धावून येणार आहेत ती त्याच वाडीतली माणसं. तेव्हा टोकनाचे पैसे गेले तर जाऊ देत, पण हा हिशेब आधी कर.

उत्तरा नक्षत्र लागलं की फोन कर. गुडघे कुरकुरतात, पण काठी घेऊन मीही येईन. ही म्हणतेय, थंडी वाजेल, स्वेटर न्या.

असो. फारच लांबण लागली. शाळेची घंटा नसली की असंच होतं.